वाचकांचे प्रश्न : भाषणाच्या माईकवर गेट लावताना

ठाणे आणि नवी मुंबईतून या महिन्यात आलेले बरेच प्रश्न नॉइज गेटबद्दल होते. माईकचा आवाज ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) खाली गेला की तो आपोआप दाबणारी सोय म्हणजे गेट. व्याख्यानं, परिसंवाद, कीर्तन, सोसायटीच्या सभा, सगळीकडे आता डिजिटल मिक्सर पोहोचले आहेत आणि त्यांच्या प्रत्येक चॅनेलवर गेटचं बटण आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत.

आमच्या व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग आम्ही मिक्सरवरून थेट लॅपटॉपवर करतो. हॉलला एसी नाही, डोक्यावर आठ पंखे फिरत असतात. त्यांची घरघर जावी म्हणून पोडियमच्या माईकवर गेट लावला. घरघर गेली, पण वक्त्यांची वाक्यं शेवटाला तुटतात. एका वक्त्याचं ‘हे धोरण मला मान्य नाही’ हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये ‘हे धोरण मला मान्य’ एवढंच उरलं. थ्रेशोल्ड किती ठेवायचा?
— नौपाडा, ठाणे

थ्रेशोल्डकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा. हॉलच्या स्पीकरला जाणाऱ्या आवाजावर गेट लावायला हरकत नाही, पण रेकॉर्डिंगचा ट्रॅक मात्र गेटच्या आधीचाच घ्या. हॉलमधला श्रोता समोर बसलेला असतो. वक्त्याचे ओठ त्याला दिसतात, थेट आवाजही थोडाफार कानावर येतो. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं आणि गेटने खाल्लेला शब्द नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

मराठी भाषणात हा धोका जास्त आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी आणि नकार त्याहून शेवटी. ‘मंजूर नाही’, ‘दिलं नव्हतं’, ‘जाणार नाही’. बोलणारा वाक्य संपवताना आवाज खाली आणतो, श्वासही संपत आलेला असतो, कागदाकडे मान वळते आणि तोंड माईकपासून दूर जातं. पहिला आणि शेवटचा शब्द यांच्यात १० डेसिबलचा फरक सहज पडतो. नेमका अर्थ फिरवणारा शब्द थ्रेशोल्डच्या खाली जातो. सुरुवातीलाही कापाकापी होते. स, श, ह, फ या अक्षरांत जोर कमी असतो, त्यामुळे गेट त्यांच्यावर उघडत नाही, पुढच्या स्वरावर उघडतो. ‘सरकार’चं ‘अरकार’ होतं ते यामुळे.

गेटच्या आधीचा सिग्नल कसा घ्यायचा ते मिक्सरवर अवलंबून आहे. बेहरिंगर एक्स३२ किंवा मिडास एम३२ असेल तर राउटिंगमध्ये कार्ड आउटला (लॅपटॉपकडे जाणाऱ्या मार्गाला) ‘लोकल १-८’ असा इनपुटचाच गट द्या. प्रीअँपच्या (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या) गेननंतरचा, पण गेट, ईक्यू, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) लागण्याआधीचा आवाज लॅपटॉपवर जातो. अर्थात गेन मध्येच फिरवला तर तो बदल रेकॉर्डिंगमध्ये येणारच, म्हणून कार्यक्रम सुरू झाला की गेनला हात लावायचा नाही, जे करायचं ते फेडरने, म्हणजे चॅनेलच्या सरकपट्टीने. दुसऱ्या डिजिटल मिक्सरवर डायरेक्ट आउट किंवा यूएसबीचा ‘टॅप पॉइंट’ (सिग्नल कुठून उचलायचा ती जागा) शोधा आणि तो प्रीअँपनंतर लगेच ठेवा. यूएसबीवर फक्त दोन ट्रॅक देणारा छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर असेल, तर चॅनेलच्या इन्सर्टच्या (बाहेरचं उपकरण मध्ये जोडायच्या) भोकात साधा मोनो जॅक पहिल्या ‘टिक्’पर्यंतच सारा. बहुतेक मिक्सरवर आवाज पुढेही चालू राहतो आणि त्याची एक प्रत तुमच्या रेकॉर्डरला मिळते. जॅक पूर्ण आत गेला तर हॉलचा आवाज बंद पडेल, म्हणून तो तिथेच चिकटपट्टीने बांधून ठेवा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर -१२ ते -६ डेसिबल दरम्यान पोचेल (शून्याला आवाज फाटतो) इतका गेन पुरे. २४ बिटमध्ये खालचा गाळ, म्हणजे रेकॉर्डिंगचा स्वतःचा गोंगाट, इतका खोल असतो की मीटर लाल व्हायच्या काठावर नेण्याची गरज नाही. एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणजे सहा माईक दोन तास चालले तर सव्वासहा जीबी.

आता हॉलसाठीचा गेट. सगळे पंखे रोजच्या वेगावर चालू करा. पोडियमसमोर कोणी नसताना त्या चॅनेलचं मीटर बघा. समजा ते -५२च्या आसपास हलतंय. मग कोणाला तरी पोडियमवर उभं करून वाक्याचा शेवट मुद्दाम हळू म्हणायला सांगा, ‘…असं मला वाटत नाही’. त्या ‘नाही’ला मीटर -३६ दाखवत असेल, तर तुमच्या हातात १६ डेसिबलची जागा आहे. थ्रेशोल्ड -४४ ठेवा: गोंगाटाच्या आठ वर, सर्वांत हळू शब्दाच्या आठ खाली. ही जागा १२ डेसिबलपेक्षा कमी निघाली तर गेट लावू नका. दोन्ही बाजूंना पुरेसं अंतर राहत नाही आणि मग तो एक तर सतत उघडझाप करतो किंवा शब्द खातो. माणसं आल्यावर हॉलचा गोंगाट वाढतो, म्हणून ही मोजणी निवेदन सुरू असताना पुन्हा एकदा करा.

बाकीची बटणं. अटॅक (गेट उघडायला लागणारा वेळ) २ ते ५ मिलिसेकंद. शून्याला नेला तर उघडताना टिक् ऐकू येते. होल्ड (आवाज खाली गेल्यावरही गेट उघडा राहण्याचा वेळ) किमान २०० मिलिसेकंद, कारण ‘पक्का’, ‘गप्पा’, ‘सत्ता’ यांतल्या जोडाक्षरात आवाज क्षणभर पूर्ण थांबतो आणि कमी होल्डचा गेट शब्दाच्या पोटातच मिटायला लागतो. रिलीज (मिटायला लागणारा वेळ) ३०० ते ५०० मिलिसेकंद. हिस्टेरिसिसची सोय असेल तर ५-६ डेसिबल द्या, म्हणजे -४४ला उघडलेला गेट -५०च्या खाली गेल्यावरच मिटेल. की-फिल्टर (कुठल्या पट्टीतला आवाज ऐकून गेट उघडायचा ते ठरवणारा) साधारण २०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ, म्हणजे पोडियमवर पडलेला हात किंवा माईकच्या दांड्याला लागलेला धक्का गेट उघडणार नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं बटण मात्र रेंजचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. गेट मिटल्यावर आवाज किती खाली जाईल हे तिथे ठरतं. अनेक मिक्सरवर ते ६० डेसिबलपर्यंत जातं. इतकी रेंज दिली की प्रत्येक वाक्यानंतर पंखे एकदम गायब होतात आणि पुढच्या वाक्याला पुन्हा अवतरतात. हे येणं-जाणं सलग घरघरीपेक्षा जास्त टोचतं, कारण सलग आवाज कान थोड्या वेळात सोडून देतो. भाषणाला १० ते १२ डेसिबल रेंज पुरे. मग चुकून एखादं ‘नाही’ गेटच्या तावडीत सापडलं तरी हळू का होईना, ऐकू येतं. गेटऐवजी २:१चा एक्स्पांडर मिळत असेल (एक्स३२वर गेटच्या पानावरच ‘ईएक्सपी२’ आहे) तर तोच घ्या. तो थ्रेशोल्डखाली दार न आपटता आवाज हळूहळू उतरवतो.

आणि माईक जवळ आणा. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरचा गूजनेक (पोडियमचा वाकवता येणारा माईक) १५ सेंटिमीटरवर आला तर पंख्यांच्या तुलनेत वक्ता १२ डेसिबल वर येतो. रेंजच्या बटणाने मिळतं तेवढंच हे, आणि बोलणं चालू असतानाही मिळतं, जे गेटला कधीच जमत नाही. गेट फक्त शब्दांच्या मधल्या जागा साफ करतो. शब्दाखालचा गोंगाट शब्दाबरोबर आत येतोच.

परिसंवादात पाच माईक टेबलावर असतात. पाचही उघडे ठेवले तर आवाज डबक्यात बोलल्यासारखा येतो आणि शिट्टी मारतो. पाचांवर गेट लावले तर प्रत्येक जण बोलायला लागताना पहिला शब्द जातो आणि हॉलची घरघर वर-खाली होते. मध्यममार्ग आहे का?
— वाशी, नवी मुंबई

आहे: ऑटोमिक्सर. त्याआधी डबकं का होतं ते बघा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की हॉलचा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. पाच माईक म्हणजे एकाच्या तुलनेत ७ डेसिबल. शिवाय एकाचा आवाज शेजारच्या माईकमध्येही थोडा उशिरा पोचतो. ३४ सेंटिमीटरचं जास्तीचं अंतर म्हणजे १ मिलिसेकंदाचा उशीर, आणि दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, त्यापुढे १५००, २५०० असे आणखी. पोकळ आवाज येतो तो या खड्ड्यांमुळे.

गेट हा प्रश्न अर्धाच सोडवतो. शेजाऱ्याच्या जोरदार आवाजाने बाजूचे दोन गेट उघडतात, आणि हळू बोलणाऱ्या पाहुण्यांचा स्वतःचा गेट उघडत नाही. पाच माणसांच्या पाच पट्ट्यांना पाच थ्रेशोल्ड बेतायचे आणि मध्येच कोणी मागे रेलून बसलं की सगळं पुन्हा करायचं, हे चालू कार्यक्रमात निभत नाही.

अमेरिकन ध्वनितज्ज्ञ डॅन डुगन यांच्या पद्धतीच्या गेन-शेअरिंग ऑटोमिक्सरला थ्रेशोल्डच नसतो. सगळ्या माईकचा मिळून एकूण गेन एका उघड्या माईकइतका राहील अशी तो वाटणी करतो. कोणीच बोलत नसताना चार माईक प्रत्येकी -६वर बसतात, आठ असतील तर -९वर. एक जण बोलला की त्याचा माईक शून्याकडे येतो, बाकीचे खाली जातात. पूर्ण बंद असं कोणी होत नाही, त्यामुळे पहिलं अक्षर कापलं जात नाही, आणि गोंगाटाची पातळी हलत नाही. यामाहाच्या क्यूएल आणि सीएल मालिकेत डुगनचाच ऑटोमिक्सर आहे. एक्स३२वर पहिल्या आठ चॅनेलसाठी ऑटोमिक्स आहे, एक्स आणि वाय असे दोन गट करता येतात. म्हणून परिसंवादाचे माईक पहिल्या आठांतच जोडा, नंतर केबल बदलत बसू नका.

लावताना आधी पाचही माणसांना बोलवून गेन असा जुळवा की सगळ्यांचे मीटर सारखे हलतील, कारण वाटणी या पातळीवरूनच होते. त्या चॅनेलचे गेट बंद करा. सूत्रसंचालकाला वेट (वाटणीतलं वजन) २-३ डेसिबल जास्त द्या, म्हणजे दोघं एकदम बोलले तरी त्याचा शब्द वर राहील. पार्श्वसंगीत किंवा लॅपटॉपवरचा व्हिडिओ त्या गटात टाकू नका, नाहीतर ते वाजलं की माईक खाली जातील. टेबलावर माईक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा माईक किमान ६० सेंटिमीटर दूर हवा. छोट्या टेबलावर पाच खुर्च्या कोंबल्या तर कुठलाही ऑटोमिक्सर खड्डे भरून काढणार नाही. दोन जणांत एक माईक चालेल, पण मग तो दोघांच्या बरोबर मध्ये ठेवा.

रेकॉर्डिंगला इथेही पाच कच्चे ट्रॅक घ्या आणि सहावा-सातवा म्हणून ऑटोमिक्स झालेला तयार आवाज. बहुतेक वेळा तयार आवाजच पुरतो. कच्चे ट्रॅक त्यात गडबड झाली तर कामी येतात.

आमचा हॉल रेल्वेलाइनला लागून आहे. लोकल गेली की गेट आपोआप उघडतो.
— ठाणे पूर्व

लोकलची धडधड मुख्यतः खालच्या पट्टीत असते. चॅनेलचा हाय-पास (खालच्या पट्टीतला आवाज गाळणारा फिल्टर) पुरुषांसाठी १०० आणि स्त्रियांसाठी १२० ते १४० हर्ट्झवर लावा आणि की-फिल्टरची खालची कड ३००वर आणा. भोंगा आणि स्टेशनवरची घोषणा मात्र बोलण्याच्याच पट्टीत येतात. तिथे फिल्टर काही करू शकत नाही, वक्त्याला क्षणभर थांबायला सांगणं हाच उपाय. तशी खूण निवेदकाबरोबर आधीच ठरवून ठेवा.

रंगमंचाचे दिवे डिमरवर कमी केले की माईकमधून ‘ज्झ्झ’ असा आवाज येतो. गेटने जाईल का?
— बेलापूर

नाही. वक्ता गप्प असताना जाईल आणि बोलताना पुन्हा येईल, म्हणजे दोष जास्तच उठून दिसेल. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या डिमरचा आवाज १००, २००, ३०० असा थेट बोलण्याच्या पट्टीपर्यंत चढत जातो, त्यामुळे हाय-पासनेही पूर्ण जात नाही. उगम शोधा. आवाजाची वीज आणि दिव्यांची वीज वेगळ्या फेजवर घ्या. माईकच्या केबल डिमरच्या केबलपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा आणि ओलांडायच्या झाल्या तर काटकोनात ओलांडा. शेवटी एक्सएलआर जोडण्या तपासा. तीनपैकी पिन २ किंवा ३ची तार सुटली असेल तर माईक चालतो, पण केबल बॅलन्स्ड राहत नाही, म्हणजे दोन तारांवरचा गोंगाट एकमेकांना खोडत नाही, आणि आसपासचं सगळं उचलते. आवाज कमी झालेली केबल हीच असते.

हरिनाम सप्ताहात कीर्तनाचं रेकॉर्डिंग करतो. बुवांच्या माईकमध्ये टाळ-मृदंग इतका शिरतो की निरूपणाचे शब्द बुडतात. गेट लावला तर टाळाच्या प्रत्येक घावाला उघडतो.
— घणसोली, नवी मुंबई

हे गेटचं काम नाही, कारण मूळ अट इथे पूर्ण होत नाही: नको असलेला आवाज हव्या असलेल्यापेक्षा हळू असायला हवा. मागे दहा टाळकरी उभे असताना बुवांच्या हळुवार वाक्यापेक्षा टाळच माईकमध्ये मोठा असतो. माईकची पाठ त्यांच्याकडे करावी म्हटलं तर तेही जमत नाही. टाळकरी बुवांच्या मागे उभे असतात, म्हणजे बुवांकडे तोंड केलेल्या माईकच्या ते समोरच येतात. कार्डिऑइड माईक सर्वांत कमी पकडतो ते बरोबर मागचं, आणि तिथे आहेत श्रोते.

की-फिल्टरने थोडा फरक पडतो. ३०० ते २५०० हर्ट्झ ठेवला तर टाळाची किणकिण वरून आणि मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा खालून गळतो. उजव्या बाजूचा टणत्कार मात्र तसाच येतो आणि गेट उघडतो. म्हणून अंतर कमी करा. उभा माईक १२ सेंटिमीटरवर असेल तर त्याऐवजी गालाला लागणारा हेडसेट माईक ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर लावा. १२ डेसिबल इथेच मिळतात, आणि बुवा वळले, पुढे आले, मागे गेले तरी टिकतात. श्वासाचा फटका बसू नये म्हणून तो ओठांसमोर आणू नका, फोम काढू नका. फेटा किंवा उपरणं त्याला घासत नाही ना, हे बुवांनी हात वर केल्यावर तपासा. कॉलरचा लेपल माईक इथे सर्वांत वाईट: तोंडापासून लांब, आणि सगळीकडचं सारखंच पकडणारा.

मृदंग, पेटी आणि टाळकऱ्यांना वेगळे माईक देऊन सगळे ट्रॅक कच्चे घ्या. मिक्सिंग करताना निरूपण आणि गजर असे तुकडे पाडा, निरूपणात टाळ-मृदंगाचे ट्रॅक ६ ते ८ डेसिबल खाली ओढा, गजरात परत वर आणा. बुवांच्या आवाजावर चालणारा डकर (एक आवाज आला की दुसरा दाबणारा) लावून हे आपोआप होईल असं वाटतं, पण गजरात बुवाही गातात आणि मग टाळ नेमके चढायच्या वेळी दबतात. कीर्तनाचा प्राणच तिथे आहे. हे काम फेडरवर हाताने करण्यातच शोभा आहे.

कार्यक्रम होऊन गेला, कच्चा ट्रॅक हातात आहे. आता गेट लावायचा तर कसा? रीपर आणि ऑडासिटी ही संपादनाची दोन्ही सॉफ्टवेअर येतात.
— पाचपाखाडी, ठाणे

आता तुमच्याकडे चालू कार्यक्रमात नसलेली गोष्ट आहे: पुढे बघायची सोय. रीपरच्या रीगेटमध्ये ‘प्री-ओपन’ १० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे आवाज थ्रेशोल्डला पोचण्याआधीच गेट उघडलेला असेल आणि ‘सरकार’चा स शाबूत राहील. अटॅक ५, होल्ड २५०, रिलीज ४००, हिस्टेरिसिस -६. त्यात रेंजचं वेगळं बटण नाही, त्याऐवजी ‘ड्राय’ची पट्टी -१२वर आणा. मिटलेल्या गेटमधूनही मूळ आवाज तेवढा झिरपत राहतो. उघडा असताना दोन्ही मिसळून पातळी साधारण २ डेसिबल वाढते, ती ट्रॅकच्या फेडरवर उतरवा. ऑडासिटीच्या नॉइज गेटमध्ये ‘लेव्हल रिडक्शन’ -१२ ठेवा, होल्ड आणि डिके वरच्यासारखेच, आणि मूळ फाइलची प्रत बाजूला काढूनच सुरुवात करा.

क्रम असा: हाय-पास, मग गेट, मग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर आधी लावला तर मोठा आवाज दबतो, मेकअप गेनने (दाबल्यावर एकूण आवाज पुन्हा वाढवण्याने) गोंगाट वर येतो आणि दोहोंतली जागा आकसते. त्याच कारणाने, हातातल्या रेकॉर्डरवरची ऑटो लेव्हल रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवा. ती प्रत्येक विरामात गेन वाढवते आणि पंखे शब्दांच्या पातळीला आणून ठेवते. अशा ट्रॅकवर कुठलाच थ्रेशोल्ड बसत नाही.

पंखे तरीही जाणवत असतील तर गेट कडक करू नका, ऑडासिटीचं नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबल इतकंच लावा. १८-२० केलं की स आणि श पाण्याखालून आल्यासारखे होतात. त्याला नमुना म्हणून नुसत्या हॉलचा आवाज लागतो. पुढच्या वेळी दीपप्रज्वलनाआधी, पंखे चालू आणि माणसं बसलेली असताना, ३० सेकंद तेवढाच रेकॉर्ड करून ठेवा. कापलेल्या जागा भरायलाही तोच तुकडा लागतो.

सगळं झाल्यावर ट्रॅक सुरुवातीपासून ऐकण्याइतका वेळ नसेल, तर प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य हेडफोन लावून ऐका. जिथे ‘नाही’ असायला हवं तिथे संशय आला, की तेवढ्या दोन सेकंदांपुरता गेट बंद करून कच्चा आवाज ठेवा, दोन्ही कडांना ५० मिलिसेकंदांचा फेड देऊन.